झाड उठतं

पडलेल्या झाडाला मशीन लावण्याआधी किसनआबा एक प्रश्न विचारतात. बुंध्याशी वाकून, आजारी माणसाला विचारावं तसं. "काय रं, उठनार हायस का?"

लासुर्ण्यात यावर सगळे हसतात. मीही हसले होते. डोक्यावर क्रिकेटचं हेल्मेट, पायांना सुतळीने बांधलेले पॅड, हातात चेनसॉ, आणि आडव्या झाडाची ही विचारपूस! मग आबा झाडाभोवती फिरतात, कुऱ्हाडीच्या दांड्याने फांद्या ठोकून बघतात. वाकून ताणलेल्या फांदीला ते 'रुसलेली' म्हणतात. "रुसलीला एकदम तोडायची न्हाय. तोंडावर बसती. आधी दबल्या अंगाला थोडं कापायचं, मग ताणल्या अंगाला. कळलं का न्हाय?" बघे "कळलं" म्हणेपर्यंत मशीन सुरू होत नाही.

त्या दिवशी मला मात्र काही कळून घ्यायचं नव्हतं. वादळाने फाट्यावरचा लिंब रस्त्यात आडवा केला होता. अर्धी मुळं उपटून मातीसकट भिंतीसारखी उभी, अर्धी अजून जमिनीत. पाला हिरवागार. म्हणजे झाड जिवंत होतं! रस्ता रुंद करायचाय, तोडा झाड. दुकानाची पाटी दिसत नाही, तोडा झाड. आता पडलेल्यालाही सरळ करून जगवायचं सोडून सरपणाला काढणार? 'झाडं वाचवा'च्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी मुळांमागच्या खड्ड्यात जाऊन बसले. "आधी माझ्यावर मशीन चालवा!"

शेंड्याकडच्या फांद्या छाटणाऱ्या आबांनी मशीन बंद केलं. "पोरी, तितनं ऊठ. झाड उठतं."

"आबा, ही अंधश्रद्धा आहे."

"आसंल. पर भाईर ये."

मुळांची भिंत बांधून ठेवायला त्यांनी साखळी मागवली होती, ती अजून आली नव्हती. दोन्हीकडे गाड्या तुंबलेल्या. काटेवाडीचा टेम्पोवाला बापू ओरडत होता, "आबा, दूध नासतंय माझं! ताईंचं भाषन आज संपत न्हाय!"

आबांनी मशीन बुंध्यावर ठेवलं आणि खड्ड्यात उतरून माझ्या शेजारी उकिडवे बसले. "ही मुळं बग, कशी वाकल्यात. बुंध्याच्या वजनानं दाबून धरल्यात. ते वजन तुटलं की..."

पलीकडे मशीन सुरू झालं.

बापूने उचललं होतं. मध्ये मुळांची भिंत, त्याला आम्ही दिसत नव्हतो. "बापू! थांब!" आबा ओरडले. त्या घरघरीत माझाच आवाज मला ऐकू येईना. वरून ढेकळं सुटू लागली. मुळं करकरली. आबांनी माझं मनगट धरून असा हिसका दिला की चपला खड्ड्यातच राहिल्या. आम्ही काठावर पालथे पडलो आणि मागे धप्पकन जमीन हादरली.

वळून पाहिलं. कापून उरलेलं खोड मुळांसकट उभं होतं. आपल्या खड्ड्यात, सरळ, कधी पडलंच नव्हतं असं. माझी पत्रकं त्याच्या बुडाशी गेली होती.

मशीन थांबलं. बापू पांढराफटक पडला होता. "आबा, मला वाटलं तुमी दोगं कवाच भाईर आलाय..." आबांनी त्याला मशीन खाली ठेवायची खूण केली. आता माझी पाळी, म्हणून मी मान खाली घातली.

"घरी कोन हाय तुज्या?" त्यांनी विचारलं.

"आई."

"लाव तिला फोन."

एका हाताने फोन लावताना स्पीकरच चालू झाला. "कुठं उलथलीस गं सकाळपासनं? डबा हितंच ठेवून गेलीस! बूड म्हणून टेकत न्हाय घरात..." आई सुटली होती. सगळा रस्ता ऐकत होता. आबा हेल्मेट काढून, मान तिरकी करून ऐकत होते.

"ठेवते गं आई, मग करते," मी म्हणाले.

"ठिवू नगं," आबा हळूच म्हणाले. "बोलू दे तिला. आमच्या घरात आता कुनी वरडत न्हाय."

माझं मनगट त्यांनी अजून सोडलं नव्हतं.