मेव्हण्याच्या मापाचा स्वेटर

चाळीस वर्षं मी फौंड्रीत पॅटर्न केले. म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातच आहे. पंपाची बॉडी बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, करायची तर आधी हुबेहूब तशी लाकडात करावी लागते. ती वाळूत दाबायची, अलगद काढायची आणि राहिलेल्या पोकळीत तापलेलं बीड ओतायचं. ते लाकूडकाम करणारा मी, आकाराम. उद्यमनगरात आजही कुणालाही विचारा, माझ्या हातचा पॅटर्न म्हटल्यावर कुणी माप तपासत नसे. सुतभर फरक नाही!

त्यामुळं नवरात्राच्या तोंडावर गोधड्या धुताना आमची संयोगिता घसरली, उजवं मनगट मोडलं आणि प्लास्टर घालून घरी येताच रडायला लागली, तेव्हा मी अजिबात घाबरलो नाही.

"लई दुखतंय का?"

"हात दुखू दे की. दादाच्या स्वेटरचं काय करू?"

दादा म्हणजे तिचे थोरले भाऊ हंबीरराव. शाहूवाडीकडं, आंबा घाटाच्या अलीकडं त्यांची भातशेती आहे. थंडीत तिथं दहा वाजेपर्यंत धुकं हटत नाही. गेल्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला आणि बारा दिवस कोल्हापुरात दवाखान्यात काढावे लागले. तेव्हाही अंगात आईनं क्रोशानं विणलेला जुना स्वेटर होता, दोन्ही कोपरं गेलेला. आईला जाऊन सहा वर्षं झाली, पण हा गडी दुसरा स्वेटर घालायला तयार नाही. त्या खाटेशेजारी बसून संयोगितानं शब्द दिला होता, "येत्या भाऊबीजेला आईच्याच विणीचा नवा देते तुला." जाड तपकिरी लोकरही आणून ठेवली होती. पहिला टाका घालायच्या आधीच हात गेला.

"एवढंच न्हवं?" मी म्हणालो. "मी विणतो."

ती रडायची थांबली. "तुमी?"

"स्वेटर म्हंजी असतंय काय? चार चौकोन. पुढा, पाठ, दोन बाह्या. मी पंपाच्या पोटातली वळणं काढलेली हायत. चौकोन न्हाय जमायचा?"

इथं एक कबुली द्यायला हवी. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, तेवढी वर्षं ही बाई क्रोशाची सुई चालवत आली आहे. दाराला तोरण, टीव्हीला रुमाल, मिक्सरला टोपडं, एकदा तर गॅसच्या सिलिंडरलाही झालर. आणि तेवढीच वर्षं मी म्हणत आलो, "बसली गाठी मारत." टीव्ही बघता बघता, हाताकडं न बघता, मधूनमधून मला बोल लावत ती विणायची. आता सुई माझ्या हातात आली आणि पहिल्या दिवशी मला कळलं की साधा पंखा चालू असला तरी माझं लक्ष उडतं. माझी पहिली साखळी इतकी घट्ट झाली की तिच्यात सुई शिरेना. दुसरी इतकी सैल की त्यातून सुपारी पडली असती. संयोगिता खुर्चीत बसून नुसत्या तोंडानं शिकवायची. साखळी, मग मुका खांब, मग खांब, अशी टाक्यांची नावं. एकदाही चिडली नाही. मी हाताखालच्या पोरांना असं शिकवलं असतं, तर अर्धी फौंड्री मला अजून शिव्या देत बसली नसती.

आता माप. हंबीररावांना कळू द्यायचं नव्हतं, म्हणून त्यांच्या बायकोला, धोंडुबाईंना फोन केला.

"तुमचं मेव्हणं दुपारी पेंगत्यात, तवा सुतळी गुंडाळून बगते," धोंडुबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी फोन आला. "छाती एक्केचाळीस."

कशावरून मोजली हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

"वर चार बोटं सैल धरा," संयोगिता म्हणाली. "आत सदरा असतोय त्याच्या."

झाले चव्वेचाळीस. आणि इथं माझ्यातला कारागीर जागा झाला. बीड गार होताना आटतं. म्हणून पॅटर्न नेहमी थोडा मोठा करायचा असतो, शंभराला एक. आता लोकरही धुतली की आटते, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि लोकर बिडापेक्षा किती मऊ! मी शंभराला दहा धरले. शिवाय मशीनवर तासायला म्हणून दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच, तो नुसत्या सवयीनं.

पॅटर्नशिवाय मला काम करताच येत नाही. तेव्हा मी सागाचे तुकडे जोडून हंबीररावांचं धड तयार केलं. गळ्यापासून कमरेपर्यंत, खांद्यांसकट. रंधा मारून, पॉलिश करून बाहेरच्या सोप्यात स्टुलावर ठेवलं. संयोगितानं ते पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"अवो, ह्यो लई मोटा दिसतोय."

"आटतंय ते."

"काय आटतंय?"

"तुला न्हाय कळायचं. ह्यो धंद्यातला विषय हाय."

पस्तीस वर्षं लोकर हाताळलेल्या बाईला मी हे ऐकवलं. तिनंही ते मानलं. माझ्या कामावर तिचा विश्वास, हेच माझं नशीब फुटकं.

खंडेनवमीला आम्ही पॅटर्नवाले हत्यारं पुजतो आणि हातातलं काम असेल तेही पुजतो. मी पटाशी, रंधा, करवत मांडली, शेजारी ते धड. सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, धडाला झेंडूचा टपोरा हार घातला आणि धूप घातला. धूर इतका झाला की संयोगिता पदरानं डोळे पुसायला लागली. नेमके त्याच वेळी समोरचे विजयसिंह पेपर परत द्यायला आले. दारातच थबकले.

"ह्ये कोन?"

"आमचं मेव्हणं. शाहूवाडीचं हंबीरराव."

"गेल्या थंडीत आजारी हुतं, तेच न्हवं?"

"तेच. पार वाळून गेलतं की."

विजयसिंहांनी चपला काढल्या, पुढं झाले आणि धडाला हात जोडले. मला बरं वाटलं. पॅटर्नची अशी कदर करणारा माणूस विरळाच.

"काम झ्याक केलंयसा. तोंड न्हाय केलं?"

"तोंडाचं काय काम? छाती बास हाय."

"वयनींचा लई जीव हुता भावावर."

"म्हनून तर ह्यो सगळा खटाटोप."

ते प्रसाद न घेताच गेले.

दुसऱ्या दिवशी दसरा. मी आपट्याची पानं घेऊन दारात उभा, तर गल्लीतलं कुणी सोनं घेईना. "यंदा ऱ्हाऊ द्या," म्हणत खांद्यावर हात ठेवून पुढं जायचे. आणि दुपारपर्यंत घरात पाच डबे आले. पाचही डब्यांत पिठलं आणि भाकरी.

"बग," मी संयोगिताला म्हणालो, "तुजा हात मोडला तर गल्ली कशी धावून आली."

"दसऱ्याला कोन पिठलं देतंय व्हय? घरात कुनी गेलं तर देत्यात."

ती हे म्हणाली आणि फोन वाजला.

"दाजी, हंबीरराव बोलतोय."

"बोला पावणं. दसऱ्याच्या..."

"मी मेलोय म्हनं?"

माझ्या हातातली भाकरी ताटात पडली.

"कोल्हापुरास्नं तीन फोन आलं," हंबीरराव शांतपणे सांगत होते. "एकजन तर मलाच इचारतोय, दहावा कवा हाय. म्हनत्यात तुमी माजा पुतळा करून हार घातलाय."

"पुतळा न्हवं, पॅटर्न हाय त्यो."

"माजा?"

"भाऊबीजेला कळंल."

हंबीरराव म्हणाले, "बरं. तवर जित्ता ऱ्हातो."

मी हार काढला, गल्लीत घरोघर जाऊन डबे परत केले आणि माणूस जिवंत असल्याचं सांगितलं. एकीनं तर पिठल्याचं भांडं घासून मागितलं. आता काही झालं तरी स्वेटर झालाच पाहिजे होता. सकाळी चहा झाला की बसायचो, ते संध्याकाळी दिवे लागेपर्यंत. बोटाला घट्टे पडले. रोज विणलेला भाग धडावर लावून बघायचो. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी चारही भाग जोडले आणि धडावर चढवले. सुरकुती नाही, ओढ नाही. सुतभर फरक नाही!

संयोगितानं डावा हात त्यावरून फिरवला. "वीण आईचीच आलीया," ती हळूच म्हणाली. फौंड्रीनं निरोपाला घड्याळ दिलं होतं, तेव्हाही मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

भाऊबीजेला हंबीरराव आले. दवाखान्यातून गेले होते तेवढेच वाळलेले. त्यांनी आधी सोप्यातलं धड पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. परत धडाकडं पाहिलं. काहीतरी बोलणार होते, पण बहिणीचा नवरा पडलो मी. त्यांनी तांब्या उचलला आणि गटागटा पाणी प्यायले.

संयोगितानं डाव्या हातानं ओवाळलं, ताटाला दुसरीकडून आधार माझा. मग तिनं स्वेटर पुढं केला. हंबीररावांनी दोन्ही हात वर करून तो अंगात घातला आणि दिसेनासे झाले. गळा एका खांद्यावरून घसरला. बाह्या गुडघ्यापर्यंत लोंबल्या. आतून आवाज आला, "लई ऊबदार हाय."

मी गळा धरून वर ओढला.

"खरंच सांगतो," ते डोकं बाहेर काढत म्हणाले. "मी ह्योच घालनार. आत आनि एकजन बसंल, धोंडुबाई थंडीची लई कुडकुडती."

ते हसले, पण संयोगिता हसली नाही. ती खाली प्लास्टरकडं बघत होती. दवाखान्यातल्या खाटेशेजारी दिलेला तिचा शब्द मी माझ्या हातात घेतला होता आणि पार वाया घालवला होता. मला मान वर करवेना.

मग चौकशी झाली. धोंडुबाईंना फोन लावला. "झोपल्यालं मानूस उठू नये म्हनून वरनंच मोजलं," त्या म्हणाल्या. "आत कोट हुता, वर घोंगडं." संयोगितानं आपली चार बोटं कबूल केली. राहिलो मी. मी शंभराला दहा सांगितले.

"लोकर आटती, हे कुनी सांगितलं तुमाला?" संयोगितानं विचारलं. "ही न्हाय आटत. दुकानदारानं तसं बगूनच दिलीया. मला इचारायचं तरी."

"मी फौंड्रीतला मानूस," मी म्हणालो. "आमच्यात काम चुकलं की घनानं फोडत्यात आनि परत भट्टीत घालत्यात. ह्याला काय घालायचं?"

"फोडायचं कशाला?"

तिनं दादाच्या अंगातला स्वेटर काढून मांडीवर घेतला, डाव्या हातानं बाहीच्या टोकाशी चाचपलं, एक गाठ सोडली, धागा धरला आणि ओढला. माझे वीस दिवस सर्र सर्र सुटत चालले. हंबीरराव दोन्ही हात पुढं धरून बसले आणि ती त्यावर लोकर गुंडाळत राहिली. लहानपणी आईसमोर ते असेच बसायचे म्हणे. भर दुपारी लोकर धरायला आईनं कुणाला जास्त डांबून ठेवलं होतं, यावरून दोघं भांडायलाही लागली. मी बघत होतो. चाळीस वर्षांत किती पॅटर्न चुकले, किती लाकूड वाया गेलं. चूक केल्यावर माल सगळाच्या सगळा परत देणारं काम मी पहिल्यांदा पाहिलं, आणि ते माझ्याच घरात इतकी वर्षं चाललं होतं.

"दादा, उभा ऱ्हा."

तिनं टेप मागितली नाही. डावा हात पसरून त्यांच्या छातीभोवती वीत टाकत गेली. "साडेचार वीत. वर दोन बोटं. पुढ्याला शहात्तर खांब, पाठीला तेवढंच. लिवून घ्या."

मी लिहून घेतलं. ती पाणी आणायला आत गेल्यावर हळूच टेप काढून मेव्हण्यांची छाती मोजली. बरोबर छत्तीस. तिची वीत आठ इंचांची. हिशेब तुम्हीच करा, मी गुपचूप टेप खिशात घातली.

"भात कापायला आलंय," हंबीरराव कुरकुरले.

"भात उभं ऱ्हातंय चार दिस. तुज्या अंगात स्वेटर गेल्याबिगर तू हितनं हलायचं न्हाय."

सहा दिवस लागले. ती सांगायची, मी विणायचो, ते लोकर सोडायचे. चुकलो की ती न बघता म्हणायची, "एक टाका सुटला." नुसत्या सुईच्या आवाजावरून तिला कळायचं! सहाव्या दिवशी स्वेटर हंबीररावांच्या अंगात गेला आणि ते त्यात नीट मावले. खांद्याची शिवण खांद्यावर, बाही मनगटावर. त्यांनी कडेची वीण चिमटीत धरून पाहिली.

"ह्यो आईचा हात हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "दाजी, विनलं तुमी, म्हायती हाय मला. पर हात आईचाच हाय."

माझे डोळे भरून आले. या खेपेला घरात धूप नव्हता. माझी बायको मोठी कारागीर आहे, हे मला पस्तीस वर्षांपूर्वीच म्हणायला हवं होतं. त्या दिवशी मी तिच्या भावासमोर म्हणालो. तिनं "बरं बरं" म्हणून पोह्यांची बशी पुढं सरकवली, पण पुढं आठ दिवस माझ्या चहात साखर जास्त पडत होती.

मार्गशीर्षात तिचं प्लास्टर निघालं. धडाच्या मापाला पुरावी म्हणून मी जास्तीची लोकर आणली होती, ती हंबीररावांना पुरून निम्मी उरली होती. आणखी थोडी आणून ती म्हणाली, "आता तुमाला करते."

"माप घे की."

"माप कशाला? घरात हाय की." आणि तिनं सोप्यातल्या त्या धडाकडं बोट दाखवलं.

मी हसलो. त्यात धोंडुबाईंचं घोंगडं होतं, कोट होता, चार बोटं होती, शंभराला दहा होते, वर तासायचा एक इंच. अहो, एवढा माणूस असतो का कुठं? मी तालमीतला गडी. अलीकडं टेलर शर्ट लहान शिवतात, ही गोष्ट वेगळी. मी तिला हे सगळं समजावून सांगितलं. ती ऐकत होती आणि तिचा हात चालत होता. नऊ दिवसांत स्वेटर झाला, धडावर ठेवून, धडाच्याच मापाचा.

तिनं तो माझ्या अंगात घातला. पुढून ओढला, मागून पाहिला, पोटावरून हात फिरवला.

"बगा," ती म्हणाली, "सुतभर फरक न्हाय."