बसण्यापुरती हिरवळ

बोरीवलीच्या सुखनिवास सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या मधुकर पाटणकरांच्या घरामागे लॉन होतं. म्हणजे करारनाम्यात होतं. प्रत्यक्षात तिथे कमरेइतकं रान माजलं होतं. घर घेताना मधुकररावांनी पत्नीला, शुभाताईंना, शब्द दिला होता की संध्याकाळचा चहा आपण हिरवळीवर बसून घेऊ. यंदा शुभाताई शाळेतून निवृत्त झाल्या आणि म्हणाल्या, "मला साडी नको, सत्कार नको. तो चहा तेवढा द्या." बिचारीने जन्मात नवऱ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट, म्हणून मधुकरराव हलले.

धाकू माळी पहिलं रोप उपटायला वाकतोय, तोच तिसऱ्या मजल्यावरून सुंदराबाई कडाडल्या, "हात लावू नको! टाकळो आसा तो! ह्येची भाजी कशी होता, ठावक आसा?"

दुसऱ्या रोपासाठी शेजारची दर्शना धावत आली. "काका, आघाडा ना तो! गणपतीच्या पत्रीत काय घालायचं मग?"

तिसऱ्यापाशी वरच्या मजल्यावरचा शौनक ठाण मांडून बसला. ऐन तिशीत त्याच्या डोक्यावर टोपीखेरीज काही उरलं नव्हतं. "यार काका, हा माका. केसांसाठी तेल काढतात ह्याचं. माझी शेवटची आशा आहे."

इतकी वर्षं त्या रानाकडे बघून नाक मुरडण्यापलीकडे कोणी काही केलं नव्हतं. काढायचं म्हटल्याबरोबर प्रत्येकाचा जीव एकेका रोपात अडकला.

"पण जागा माझी आहे," मधुकरराव म्हणाले.

"जागा तुमचीच, काका," सेक्रेटरी सर्वेशने समजूत घातली. "हिरवाई सामायिक. खिडकीतून सगळ्यांना दिसते ना."

प्रकरण सभेत गेलं. तिथे तणाची व्याख्या मंजूर झाली: ज्या वनस्पतीसाठी एकही सभासद हात वर करत नाही ते तण, आणि त्याचे तातडीने निर्मूलन करण्यात यावे. टाकळ्याला हात वर झाले, आघाड्याला झाले. खाजकुइलीलासुद्धा एक हात वर झाला. तो मान खाजवायला होता, पण ग्राह्य धरण्यात आला.

दरम्यान मधुकररावांनी नर्सरीतून लॉनचे तयार गालिचे आणून दोन खुर्च्यांपुरते एका मोकळ्या कोपऱ्यात अंथरले होते. शेवटी त्या लॉनची पाळी आली.

"ह्याची भाजी होते?" सर्वेशने विचारलं.

"नाही."

"देवाला चालतं?"

"नाही."

"केसांना?" शौनकने विचारलं.

"नाही रे बाबा! ह्यावर बसायचं असतं. आमच्या शुभाला चहा..."

"बसाक घरात सोफो नाय?" सुंदराबाई म्हणाल्या.

मधुकररावांनी स्वतःचा हात वर केला. मालकाचा हितसंबंध गुंतलेला असल्याने तो बाद ठरला. शुभाताईंनी केला, तर तोही मालकाच्या पत्नीचा म्हणून बाद.

दुसऱ्या दिवशी धाकूने ठरावानुसार लॉन मुळासकट उपटलं. एवढ्या रानात तण एकच निघालं, याबद्दल समितीने समाधान व्यक्त केलं आणि भोवती कुंपण घातलं. सुंदराबाई टाकळा स्टेशनबाहेरून विकत आणतात, कारण "थंय साप आसतत." शुभाताई चहा ओट्यापाशी उभ्यानेच घेतात. तक्रार करत नाहीत, आणि मधुकररावांना नेमकं तेच सहन होत नाही.

ते भेटेल त्याला ही हकिकत सांगतात. ऐकणारा हळहळतो, समितीला चार शिव्या घालतो आणि निघताना हळूच विचारतो, "पण काय हो, माक्याने केस खरंच येतात का?"

आपल्याही मनात हाच प्रश्न असल्यास कळविण्यात येते की माक्यासाठी बाहेरच्यांची रांग वेगळी आहे.