दिवेलागणीचं गिऱ्हाईक

तिन्हीसांजेला बल्ब घ्यायला जाऊ नये, असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं, असं परतूरच्या मच्छिंद्रला आजही वाटतं.

वाटूरचे काकासाहेब आणि त्यांची बायको झुंबरबाई त्याच्या दुकानाची पायरी चढले, तेव्हा दिवस मावळतीला टेकला होता. वेळ काकासाहेबांनी मुद्दाम निवडलेली. "भर दुपारी बल्ब पाहून काय कळतंय?" असं त्यांचं म्हणणं. माणूस मोठा तंद्रीचा. सकाळी चहात बिस्कीट बुडवायचा आणि कापसाच्या ढिगाचं स्वप्न पाहता पाहता बिस्कीट विसरून जायचा.

पण आजचं काम नाजूक होतं. त्यांची लेक सत्यशीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. बाळासाठी झुंबरबाईंनी जुन्या मऊ लुगड्याचं दुपटं शिवायला घेतलं आणि ते अर्ध्यावर अडलं. सुईत दोराच जाईना. आपल्या पहिल्या नातवंडाला परक्या हातचं दुपटं, या विचारानं त्यांचे डोळे भरून येत. काकासाहेब म्हणाले, दोष डोळ्यांचा नाही, घरातल्या पिवळ्या बल्बचा. बायकोच्या डोळ्यांना नाव ठेवणं त्यांच्या जिवावर यायचं.

"मामा, हा घ्या सीएफएल. अकरा वॉट," मच्छिंद्र म्हणाला. "उजेड साठच्या बल्बाचा, खर्चा एकदम कमी. लावून दाखवू?"

"लाव की."

बल्ब जरासा विचार करून पेटला. दोघांनी हात जोडले. झुंबरबाईंनी पदराला टोचलेली सुई काढली, दोरा ओठांत ओला केला, एक डोळा मिटला. दोरा सुईच्या शेजारून गेला.

"न्हाई जात," त्या बारीक आवाजात म्हणाल्या.

"मंग पंधराचा पाहू," म्हणत मच्छिंद्रनं बटणाकडे हात नेला.

"आरं, आरं! हात काढ आधी!" झुंबरबाई कडाडल्या. "दिवेलागणीला लावलेला दिवा मालवतेत व्हय? जेवणं होईस्तोवर बिलकुल मालवायचा न्हाई."

"मावशी, हे दुकान हाय. मी बल्ब दाखवून राह्यलो."

"मंग दुकानात लक्ष्मी नको का तुला?"

मच्छिंद्रनं खोक्यातून नवा होल्डर काढला, वायर जोडली आणि पंधराचा लावला. पुन्हा नमस्कार, पुन्हा सुई, पुन्हा "न्हाई जात." मग अठराचा. मग तेवीसचा. मग लांब नळ्यांचा, मग गोगलगाईसारखा वेटोळ्यांचा. लावलेला एकही मालवायचा नाही. होल्डर संपले तसे वायरीचे वेल दाराबाहेर गेले, ओट्यावर आले, शेजारच्या कडुलिंबाला लटकले.

रस्त्यानं जाणारे थबकू लागले. इतके दिवे म्हणजे काहीतरी देवाचंच असणार, असं समजून लोक चपला काढून हात जोडू लागले. एकानं तर उंबऱ्यावर नारळ ठेवला.

काकासाहेबांना मात्र कशाचंच भान नव्हतं. लिंबाच्या पानांत पांढरा उजेड सांडला होता आणि त्यांना वाटत होतं, आपण चांदण्यात बुडालेल्या कापसाच्या रानात उभे आहोत. मधे दुपट्यावर बाळ झोपलंय. वाटूरची शेवटची बस हॉर्न वाजवत निघून गेली. त्यांना ती लांबच्या एखाद्या गावची वाटली.

"अवं, गाडी गेली!" झुंबरबाई म्हणाल्या आणि त्यांचा बांध फुटला. "एवढ्या उजेडातबी दिसंना. गेले माझे डोळे. काय तोंड दाखवू लेकीला?"

काकासाहेब दचकून जागे झाले. "अगं, बल्बच कमी पडून राह्यलेत. मच्छिंद्र, आजून लाव!"

मच्छिंद्रनं दुकानातला शेवटचा बल्ब लावला आणि त्याच क्षणी लाइट गेली. गल्लीभर काळोख पसरला. त्या काळोखात झुंबरबाईंची बोटं, चाळीस वर्षांच्या सवयीनं, आपसूक चालत राहिली.

"गेला," त्या म्हणाल्या.

"कोण गेला?" काकासाहेब घाबरले.

"दोरा! सुईत गेला!"

तेवढ्यात लाइट आली. एकेक बल्ब जरासा विचार करून पेटला आणि सगळ्यांनी पाहिलं, दोरा बरोबर सुईत होता.

मच्छिंद्रनं कपाळावर हात मारला. "धन्य हाय मावशी! एवढा बाजार मांडला तवा जमलं न्हाई, आन् अंधारात जमलं?"

"उजेडात डोळे मधी येतेत, लेकरा." झुंबरबाई पहिल्यांदाच हसल्या.

काकासाहेबांचा चेहरा उतरला. "मंग बल्ब न्हाई घ्यायचा?"

"घ्यायचा की! सुई चाचपून चालतंय. नातवंड काय चाचपून बघू?" त्यांनी पहिल्याच अकरा वॉटच्या बल्बकडे बोट दाखवलं. "त्यो दे. सस्ता बी हाय."

सुटलो, म्हणत मच्छिंद्रनं तो काढायला हात उचलला. झुंबरबाईंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. हात हवेतच थांबला. मग त्यानं एक मोठा श्वास घेतला आणि मागच्या घराकडे तोंड करून बायकोला हाक मारली.

"मालन! भाकरी टाक जल्दी. दोन पाव्हणे हायेत. आन् तो नारळ फोड, चटणी कर."

झुंबरबाईंनी पिशवीतून दुपटं काढलं आणि सगळ्या उजेडाला पाठ करून ओट्यावर शिवायला बसल्या. शेजारी काकासाहेब पुन्हा लिंबाकडे बघत होते.