सासऱ्यांच्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम

अर्ध्या तासात मशीन नवं कोरं करून देतो, असं जावयाने सासूबाईंना छातीठोकपणे सांगितलं. तसा तो रंगाच्या कारखान्यात गोदाम सांभाळायचा. पण एकदा शेजाऱ्यांचा प्रिंटर त्याच्या हातून चालू झाला होता आणि तेव्हापासून सासुरवाडीत सगळे त्याला इंजिनिअर म्हणत. फुकटचा मान कुणाला नको असतो!

सासरे जाऊन आठ महिने झाले होते. रोज संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर बसून दिवसभराचं बोलून रेकॉर्ड करून ठेवायची त्यांना सवय होती. डॉक्टर काय म्हणाले, दाराची कडी कुणी मोडली, सगळं त्यात होतं. तो आवाज सासूबाईंना ऐकायचा होता, दुसरं काही मागणं नव्हतं. पण मशीन उघडायला पाऊण तास घ्यायचं आणि तेवढा वेळ त्या मागच्या खोलीत एकटीने बसायचा त्यांना धीर होत नव्हता.

बायकोने बजावलं होतं की आधी बाबांचा आवाज दुसरीकडे उतरवून ठेव. जावयाने ते हसण्यावारी नेलं. जुनं ठेवायचं की पुसायचं हे मशीन स्वतःच विचारतं, आपण फक्त ‘ठेवा’ म्हणायचं, त्यात काय एवढं! सिस्टीम भरलेला पेनड्राइव्ह त्याने घरूनच तयार करून आणला होता. सासऱ्यांचा कीबोर्ड टेबलावर दिसेना, म्हणून त्याने आपला वायरचा जोडला.

रविवारची दुपार होती. बायको बाजारात गेली होती, सासूबाई शेजारच्या खोलीत होत्या. त्याने पेनड्राइव्ह खोचला, मशीन चालू केलं. पडद्यावर भाषांची यादी आली. तो हनुवटी खाजवत वाचत होता, तेवढ्यात यादी आपली आपण एक ओळ खाली सरकली.

त्याचे दोन्ही हात हनुवटीपाशी होते. त्याने ते पाहून खात्री केली. यादी आणखी एक ओळ सरकली, थांबली, आणि भाषा निवडली गेली. पुढची चौकट आली, मशीनचं नाव विचारणारी. त्यात एक अक्षर उमटलं. मग बऱ्याच वेळाने दुसरं. मग तिसरं.

सासरे एकाच बोटाने टाइप करायचे. असंच, प्रत्येक अक्षराआधी विचार करत. जावयाने मागे वळून पाहिलं. खोलीत पंखा बंद होता, खिडकीचा पडदा हलत नव्हता आणि तो बसला होता सासऱ्यांच्या खुर्चीत, जिच्यात त्यांनी हयातीत कुणाला टेकू दिलं नव्हतं. उमटलेल्या अक्षरांचा काही अर्थ लागेना. पण सासऱ्यांचं म्हणणं त्याला जिवंतपणीही कधी कळलं नव्हतं, त्यामुळे त्याची खात्रीच पटली. तो हळूच खुर्चीतून उठला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

चौकट बदलली. जुनं ठेवा, की सगळं पुसा? निळा पट्टा ‘ठेवा’वर होता. जावई बघत असतानाच तो खाली उतरला आणि ‘पुसा’वर जाऊन बसला.

“बाबा, नका,” तो म्हणाला. “आईंना तुमचा आवाज ऐकायचाय. राग माझ्यावर काढा. तुम्ही शेवटी फोन केला होतात, मशीन बघायला ये म्हणून. मी बाहेरगावी आहे म्हणालो. मी घरीच होतो, बाबा. कंटाळा केला.”

पडदा क्षणभर तसाच राहिला. मग चौकट आली, ‘नक्की?’ आणि पट्टा सावकाश ‘हो’कडे निघाला.

जावयाने झेप घेऊन भिंतीतला प्लग उपटला. मशीन मेलं. तो धडपडत शेजारच्या खोलीत गेला.

सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. मांडीवर सासऱ्यांचा बिनवायरचा कीबोर्ड होता. ओल्या फडक्यात बोट गुंडाळून त्या एकेक बटण पुसत होत्या, रोज दुपारी पुसायच्या तसं. आतले सेल त्यांनी काढले नव्हते, आणि त्याला जोडणारा नखाएवढा तुकडा अजून मशीनच्या पाठीत होता. हे सगळं इंजिनिअरला उभ्या उभ्या कळलं.

“फोनचं मला माहीत नव्हतं,” सासूबाई मान वर न करता म्हणाल्या.

त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सासूबाईंनी कीबोर्ड बाजूला ठेवला आणि उठल्या. “चला. जुनंच लावा. मी बसते तुमच्याबरोबर.”

पेनड्राइव्ह काढून त्याने मशीन पुन्हा लावलं. पाऊण तास दोघं शेजारी शेजारी बसले. मशीन उघडलं. सगळं जागच्या जागी होतं, काहीच पुसलं गेलं नव्हतं. सासूबाईंनी शेवटची नोंद दाखवली. ती आधी लावायची.

सासऱ्यांचा खोकला ऐकू आला, मग आवाज. “आज जावयाला फोन केला. बाहेरगावी आहे म्हणाला. मागून आमची मुलगी त्याला जेवायला हाक मारत होती. असो. एका परीने बरंच झालं. आला असता तर आहे तेही बिघडवून गेला असता.”

सासूबाईंचे खांदे हलायला लागले. त्या रडतायत असं वाटून जावयाने चोरून पाहिलं, तर त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आठ महिन्यांत त्या हसल्या नव्हत्या.

“पुन्हा लावा,” त्या म्हणाल्या.

त्याने लावलं. बायको बाजारातून परत आली, तेव्हा पाचवी खेप चालू होती.