तराजूसाहेबांचे पाच स्वेटर

जगातला कुठलाही कुत्रा काही करत नाही. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. ज्यांच्या ज्यांच्या घरी कुत्रा आहे ते सगळे हेच सांगतात, आणि इतकी शिकलेली माणसं एकाच वाक्यात खोटं बोलतील असं मानायला मी तेवढी शिकलेली नाही. (चौथी पास. सही येते, अंगठा लागत नाही.)

जो काही गोंधळ होतो तो माणसांमुळे होतो. माणूस जिना चढतो. हातात पिशवी धरतो. खोकतो. कधी कधी तर घाबरतो. कुत्रा बिचारा आपल्या जागी बसलेला असतो आणि त्याला हे सगळं बघत बसावं लागतं.

ही गोष्ट आमच्या इमारतीला उशिरा कळली, पण कळली तेव्हा तिने ती नीट लिहून काढली. त्याचं श्रेय मी कुणाकडूनच काढून घेणार नाही. फक्त एवढंच सांगते, की या सगळ्यात माझा उजवा डोळा पणाला लागला होता. तेवढं लक्षात ठेवून पुढे वाचा.

आमची इमारत चार मजल्यांची, जिना एकच. मी तिसऱ्यावर. पहिल्यावर तराजूसाहेब. आयुष्यभर त्यांनी दुकानदारांचे तराजू आणि वजनं तपासली, म्हणून हे नाव. अर्ध्या तोळ्याच्या फरकासाठी दुकानदाराला कोर्टात उभं करणारा माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांनी कुत्रा आणला आणि त्याचं नाव ठेवलं बाळ. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं असं आपण म्हणतो, पण ते उघडपणे कागदावर लिहून देणारे तराजूसाहेब पहिले. आणलं तेव्हा बाळ टोपीत मावत होतं. वर्षभरात वासराएवढं झालं. घरात कोंडलं की ते उदास होतं, म्हणून त्याला बाहेर पहिल्या मजल्याच्या वळणावर बसवायचं ठरलं. तिथून जिन्याने येणारं-जाणारं प्रत्येक माणूस त्याला नीट दिसतं.

माझी धाकटी बहीण समोरच्या रस्त्यापलीकडे राहते. रोज चार वाजता ती वर येते, एकोणीस वर्षं झाली. एके दिवशी ती वळणावर आली आणि बाळाने पुढचे दोन्ही पाय तिच्या छातीवर ठेवले. ती पायरीवर बसली. तिची पिशवी तळमजल्यावर जाऊन बसली. तराजूसाहेब बनियनवर बाहेर आले.

"घाबरू नका, तो काही करत नाही," ते म्हणाले. "तुम्ही घाबरलात, म्हणून त्याला वाटलं काहीतरी."

"मग त्याला सांगून ठेवा," बहीण म्हणाली, "माझ्याबद्दल काही वाटून घेत जाऊ नकोस म्हणून."

असं उद्धट उत्तर देणारी माणसं वाढू लागली तेव्हा कमिटीने रजिस्टर सुरू केलं. आमचे सेक्रेटरी हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर चौतीस वर्षं होते. छत्री कुठे सापडली, कुणाची, कोणत्या रंगाची, हे लिहिण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी चार रकाने आखले. तारीख. कोण. माणसाने काय केलं. कुत्र्याने काय केलं.

अकरा महिन्यांत त्रेचाळीस नोंदी झाल्या. कमिटीत बाईमाणूस एक तरी हवं म्हणून मी कमिटीत आहे, त्यामुळे आकडे मला पाठ आहेत. माणसांच्या चुका अशा निघाल्या: पळाले, अकरा. पळाले नाहीत, सहा. हातात पिशवी होती, नऊ. टोपी घातली होती, चार. डोळ्यात बघितलं, पाच. बघितलंच नाही, तीन. साबणाचा वास उग्र, दोन. उरलेल्या तिघांच्या पुढे नुसतं 'स्वभाव' असं लिहिलं आहे. (त्यातली एक माझी बहीण.)

चौथा रकाना पहिल्यापासून शेवटपर्यंत कोरा. सेक्रेटरी म्हणाले, एवढा स्वच्छ रकाना अख्ख्या नोकरीत बघितला नाही.

मी चौथी पास बाई, मला राहवलं नाही. बैठकीत मी विचारलं, "त्याला पट्टा का बांधत नाही?"

यावर सव्वा तास चर्चा झाली.

"पट्ट्याने त्याच्या मनावर परिणाम होतो," तराजूसाहेब म्हणाले.

"त्याच्या दातांनी आमच्या पोटऱ्यांवर होतो," मी म्हणाले.

इतिवृत्तात ते असं आलं: 'सदस्य बाईंनी विषयांतर केले.'

त्याच बैठकीत तराजूसाहेबांनी तो विचार मांडला, ज्याने आमच्या इमारतीचं नाव आजूबाजूच्या चार गल्ल्यांत झालं. ते म्हणाले, बाळ मला कधी काही करतो का? नाही. का नाही? कारण माझा वास त्याला ओळखीचा आहे. मग दोष कुणात आहे? येणाऱ्याच्या वासात. तो वास सुधारला की प्रश्न मिटला. सगळ्यांनी माना डोलावल्या. हिशेब चोख होता. जो माणूस तराजू सरळ धरतो त्याच्या पारड्यात काय आहे हे कुणी बघत नाही.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी पाच खुंट्या ठोकल्या गेल्या आणि त्यांवर तराजूसाहेबांचे पाच जुने स्वेटर लटकले. दोन तपकिरी, दोन राखाडी, एक हिरवा कोपरावर ठिगळ लावलेला. वर पाटी:

बाहेरून येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने स्वेटर घालूनच जिना चढावा. बटणं पूर्ण लावावीत. स्वेटर धुवू नये. परत जाताना त्याच खुंटीवर ठेवावा. स्वेटर न घालता काही घडल्यास ती त्या व्यक्तीची चूक समजली जाईल. (घातल्यावर घडल्यास, तेव्हा बघू.)

वापरून वापरून वास उडतो, म्हणून तराजूसाहेबांनी रोज संध्याकाळी एकेक स्वेटर तासभर स्वतः घालायचा असंही ठरलं. कागदावर त्याला 'वासाचं नूतनीकरण' असं नाव आहे. ते सेक्रेटरींनी दिलं.

आणि उपाय लागू पडला, हे मी खोटं कशाला बोलू. पोस्टमन हिरवा घालून वर जायचा, बाळ शेपटी हलवायचं. नळवाला राखाडीत मावत नव्हता, तो बाह्या गळ्याभोवती बांधून जायचा, तेही चालायचं. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना तपासायला येणारे डॉक्टर आपल्या कोटावर तपकिरी चढवायचे आणि नळी त्याच्यावर लटकवायचे. पाच महिने एकही नोंद नाही. दर महिन्याला बैठकीत तराजूसाहेबांचं अभिनंदन व्हायचं, आणि ते बाळाच्या वतीने ते स्वीकारायचे.

फक्त माझी बहीण अडली. वॉचमनने तिच्यापुढे राखाडी धरला. ती म्हणाली, "माझा नवरा जिवंत असताना त्याचा स्वेटर मी कधी घातला नाही. आता याचा घालू?"

"मावशी, नियम आहे," वॉचमन म्हणाला.

"असू दे. मी खालीच बसते. नियमाला वर जाऊ दे."

ती वॉचमनच्या बाकावर बसू लागली, आणि चार वाजता मी खाली उतरू लागले. मला स्वेटर लागत नाही. बाळ नवीन होतं तेव्हा त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, मी एकदा त्याच्याकडे बघितलं, तेव्हापासून मी आले की ते भिंतीला सरकतं.

चालत होतं. मग उन्हाळ्यात माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर थेंब सांगितले, दिवसातून चार वेळा. जिना टाळा म्हणाले, आणि धूळ तर अजिबात नको. माझा हात थरथरतो. थेंब भुवईत जातो. सून बँकेत, ती रात्रीचे घालायची. मुलगा थेंब बघूनच स्वतःचे डोळे मिटतो. दिवसाचे तीन बहिणीने घालायचे, आणि बहीण वर येणार नाही. म्हणून एका डोळ्यावर हिरवी झापड लावून, कठड्याला धरून, चोपन्न पायऱ्या मी रोज तीनदा उतरत होते आणि रस्त्याच्या कडेला, बाकावर, आभाळाकडे तोंड करून थेंब घालून घेत होते. समोरून गाड्या जायच्या. धूळ यायची.

"एक दिवस घाल गं तो मेला स्वेटर," मी तिला म्हणाले.

"तू एक दिवस बोल ना त्या कमिटीत."

"बोलले. विषयांतर झालं."

तिकडे उन्हाळ्याने दुसरंही एक काम केलं होतं. एवढ्या उकाड्यात संध्याकाळी स्वेटर कोण घालणार? तराजूसाहेबांनी नूतनीकरण आधी एक दिवसाआड केलं, मग आठवड्याने, मग ते लेकीकडे दहा दिवस राहायलाच गेले. इकडे पोस्टमन, नळवाला, नर्स, डॉक्टर, गॅसवाला, सगळे त्याच पाच स्वेटरांत घामाघूम होत वर-खाली करत होते. धुवायला बंदी. त्या स्वेटरांत आता जगातल्या प्रत्येकाचा वास होता. तराजूसाहेबांचा तेवढा नव्हता.

ते परत आले त्या दुपारी मी बाकावर होते, नुकते थेंब पडलेले, दोन्ही डोळे मिटलेले. बाकावरून जिना पहिल्या मजल्याच्या वळणापर्यंत सरळ दिसतो. त्यामुळे साक्ष बहिणीची आहे, मी फक्त ऐकलं.

"आले गं तुमचे साहेब," ती म्हणाली. "नवा शर्ट. लेकीने पावडर लावून पाठवलेत. चढले."

"बाळ?"

"बसलंय. कान उभे केले. आता उठलं."

वरून तराजूसाहेबांचा आवाज आला, "बाळ, अरे मी आहे."

"दोन पायऱ्या खाली आलं," बहीण म्हणाली. "साहेब पिशवी पुढे धरतायत. पिशवी धरू नये ना?"

"नऊ नोंदी आहेत."

"आता मागे सरकतायत. आता पळतायत."

"अकरा," मी म्हणाले.

मग एक आवाज आला, तो मी इथे लिहीत नाही. साहेब पायरीवर बसले. पोटरीला दोन दात लागले होते, खोल नाही. एवढ्यात हिरव्या स्वेटरातला पोस्टमन वरून उतरला. बाळाने त्याचा हात चाटला, आणि त्याला वाट करून दिली.

वॉचमन खालून म्हणाला, "साहेब, स्वेटर घालायचा ना."

वर जायला दुसरा रस्ता नव्हता. पोस्टमनने आपला काढून दिला. साहेबांनी आपलाच स्वेटर घातला, सगळी बटणं लावली, आणि पोस्टमनच्या वासात आपल्या घरी गेले.

त्याच आठवड्यात बैठक झाली. तराजूसाहेबांनी पाय स्टुलावर ठेवला होता. ते म्हणाले, या वेळी चौथ्या रकान्यात काहीतरी लिहावं लागेल. सेक्रेटरींनी चष्मा काढला. ते म्हणाले, लिहू की. पण मग आधीचे त्रेचाळीस पुन्हा उघडावे लागतील. प्रत्येकाला बोलवावं लागेल, प्रत्येकाचं पुन्हा ऐकावं लागेल.

तराजूसाहेबांनी रजिस्टर पुढे ओढलं. नोंद चव्वेचाळीस. माणसाने काय केलं: स्वेटर घातला नाही. सही त्यांचीच आहे. चौथा रकाना अजून कोरा आहे.

दुसऱ्या दिवशी बाळाच्या गळ्यात पट्टा आला, साखळी आली, आणि ते दाराच्या आत गेलं. साहेब म्हणाले, मोकळं सोडलं की त्याचा गोंधळ होतो. त्याच्या मनावर परिणाम झाला का, हे मी पुढच्या बैठकीत विचारलं. विषयांतर.

माझा डोळा धुळीने लाल राहिला होता. डॉक्टर चिडले आणि थेंब पंधरा दिवस वाढवले. पण आता बहीण वर येऊ शकत होती. रविवारी ती आली, पाच महिन्यांनी पहिल्यांदा. सून घरी होती, तिने दार उघडलं. मी आतल्या खोलीत पलंगावर. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, कानांचं नाही.

"मावशी, आत जाताना जरा सांभाळून," सून हळूच म्हणाली. "सकाळपासून बिनसलंय. डोळ्याचं विचारू नका. मध्ये बोलू नका. त्या काही म्हणाल्या तर नुसतं हो म्हणा. तशा त्या काही करत नाहीत."

"माहीत आहे गं," माझी सख्खी बहीण म्हणाली. "बासष्ट वर्षं झाली. मी पळतही नाही आणि डोळ्यातही बघत नाही."

मी सगळ्या बाजूंनी विचार केला. चूक सुनेची आहे. ती फार हळू बोलते, त्यामुळे माणूस कान देऊन ऐकतं. नोंद पंचेचाळीस, रजिस्टरमध्ये घ्यायला सांगितली आहे.

तुम्ही हसलात. हसा. पण प्रत्येक घरात असं एक माणूस असतं, जे काही करत नाही, आणि ज्याच्यासाठी बाकीचे सगळे उन्हाळ्यातसुद्धा स्वेटर घालून वावरतात. तुमच्या घरातलं ते कोण, मनातल्या मनात बघा. सासरे असतील, आत्या असेल, थोरला भाऊ असेल. नाव चटकन आठवलं तर सुटलात.

कितीही आठवून कुणीच सापडलं नाही, तर पुढच्या वेळी पाहुणे येतील तेव्हा आतल्या खोलीत गप्प बसा, आणि दारात त्यांना काय सांगतात ते ऐका.