बॉबिनचे चार मिलिमीटर

टेलरमास्तरांना माप शिकवणारा अजून जन्माला यायचा होता! निदान मास्तरांचं तरी तसं ठाम मत होतं.

अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या हातावर दोन ठिकाणी औषधाचे थेंब टाकून बारीकसं टोचलं. एक खूण मांजराची, एक धुळीची. "वीस मिनिटांनी मोजू. मांजराच्या खुणेवर तीन मिलिमीटर किंवा जास्त फुगलं, तर मांजर घरात नको," असं सांगून त्या शेजारच्या खोलीत गेल्या.

"त्या कशाला मोजतायत? मी बसलोय ना!" मास्तर बायकोला म्हणाले.

मांजर म्हणजे बॉबिन नावाचा बोका. तो दुकानात शिरला आणि मास्तरांच्या मागे शिंका लागल्या. गिऱ्हाइकाच्या कडक इस्त्रीच्या पँटवर तो खुशाल ताणून द्यायचा, आणि मास्तर दिवसभर त्याच्या नावानं बोटं मोडायचे.

वीस मिनिटं झाली तरी बाई येईनात. मास्तरांनी टेबलावरची प्लास्टिकची पट्टी उचलली आणि हात पार नाकाशी नेला. सगळी हयात इंचाच्या टेपवर गेलेली! मिलिमीटरच्या त्या रेघा त्यांना मुंग्यांच्या रांगेसारख्या दिसत होत्या.

"मी बघू का?" बायको म्हणाली.

"चष्मा घरी विसरलीस ना? मग गप्प बस!" मास्तर काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले, "चार."

"अहो, नीट बघा!"

"टेलर कोण, तू की मी? चार म्हणजे चार!"

बायकोचा चेहरा उतरला. तिनं लगेच धाकट्या बहिणीला फोन लावला. बहीण दुकानाच्या मागच्याच गल्लीत राहायची, एक किल्ली तिच्याकडे असायची. "बॉबिनला तुझ्या घरी ने, कायमचा. यांच्या जिवावर बेतलंय गं!"

मास्तर बराच वेळ पट्टीशी चाळा करत बसले.

"तिला सांग, बटणांचा डबा खुळखुळवल्याशिवाय तो जेवत नाही."

"तुम्हाला तर तो नको होता ना?"

"नकोच आहे! म्हणून काय उपाशी मारायचा?" एवढं म्हणेपर्यंत मास्तरांचे डोळे भरून आले. बायकोनं रुमाल पुढे केला. तिलाही रडूच येत होतं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पट्टी लावली. "दोन मिलिमीटर. मांजराचं काही नाही. धुळीचं मात्र बघा केवढं फुगलंय! दुकान झाडता की नाही, काका?"

"दोन?" मास्तर ताडकन उठले. "चार आहे! मी स्वतः मोजलंय!"

"कसं मोजलंत?"

"अंगाचं माप दोन. अधिक शिलाईसाठी दोन्ही बाजूंना एकेक..." बोलता बोलता मास्तरांनी हात पाठीमागे नेला.

"काका, याला शिलाई घालायची होती का?"

बायकोला हसू आवरेना. मास्तरांनी तिच्या हातातला फोन हिसकावून मेहुणीला लावला.

"बॉबिनला परत आण!"

"मुळीच नाही, भावोजी! माझ्या मांडीवर झोपलाय. आणि ताई तर म्हणाली, तुमच्या जिवावर बेतलंय!"

"काही बेतलेलं नाही. मापात मीच थोडं वाढवून धरलं."



"म्हणजे माझे ड्रेस सैल होतात ते यामुळे? आणि वर मलाच म्हणायचात, तू वाळलीस म्हणून!"

आजवर मास्तरांनी ही गोष्ट कुठल्याही गिऱ्हाइकापुढे कबूल केली नव्हती. भांडले होते, रुसले होते, पण कबूल? छे!

"हो गं बाई, मीच सैल शिवतो! सगळे घेऊन ये, घट्ट करून देतो. पण आधी माझा बोका आण!"