बगलेतून देखणा

आमच्या शेजारचे किशनमामा कोणतीही गोष्ट चालवून बघितल्याशिवाय घेत नाहीत. बैल काय, सगळेच चालवून बघतात. मामांनी जावईसुद्धा चालवून घेतला. जिंतूरला स्थळ बघायला गेले, पोहे झाले, चहा झाला, आणि मामा म्हणाले, "पाव्हनं, जरा त्या लिंबापस्तोर जाऊन या बरं." पोरगं बिचारं गेलं आणि आलं. मामांनी जाताना टाचा बघितल्या, येताना छाती बघितली आणि मान डोलावली, "घ्या. वढील संसार." दात बघायचे तेवढे राहिले, कारण गयामामींनी पदराआडून डोळे वटारले.

ताडकळसच्या बाजारात मामांचा दरारा असा, की ते नुसते खाकरले तरी बैल सरळ उभे राहतात आणि दलाल वाकडे होतात. "जनावर चालवल्याबिगर कळत न्हाई," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. खुर्ची घेताना दुकानात ती फरपटत दारापर्यंत नेली होती, तिची चाल बघायला.

आणि असल्या माणसाच्या डोक्यात टीव्ही शिरला.

घरातला टीव्ही धडधाकट होता. तरी मामा म्हणाले, "बदलायचा हाय. तिरपं दिसनारा पायजे." का, ते सांगेनात. विचारलं की तंबाखू मळायला लागायचे. माझ्याकडे मोटारसायकल आहे आणि मी शाळामास्तर आहे, म्हणजे गावाच्या हिशेबाने मला सगळं कळतं आणि कामं काहीच नसतात. त्यामुळे प्रत्येक वारीत सारथी मीच. परभणीतल्या एकेका दुकानात जायचं, टीव्ही लावायला लावायचा, मामांनी भिंतीला पाठ घासत पार बाजूला सरकायचं आणि "रंग उडायलाय" म्हणून बाहेर पडायचं. मामांचा फेटा दिसला की दुकानदार शटर ओढतात, असं पुढेपुढे ऐकू येऊ लागलं. तसं ते पसरवलं मीच होतं.

शेवटी एकच मोठं शोरूम उरलं. पायऱ्या चढताना मामा थांबले. "मास्तर, हितं न्हाई जमलं तर नाद सोडायचा." एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. बाजारात ते कानात बोलले तरी पूर्णेपर्यंत ऐकू जातं.

आत एक टायवाला सेल्समन होता. हसतमुख होता. सुरुवातीला.

"काका, हा ओलेड बघा. ह्याच्यात प्रत्येक ठिपका आपला आपण पेटतो. काळा रंग म्हणजे एकदम विझलेला. असं काळं तुम्ही बघितलं नसेल."

"काळं?" मामा हसले. "बापा, आमच्या रानात ये पावसाळ्यात. काळं असं हाय, की मानूस घरी येतंय आन् चप्पल तिथंच चिखलात ऱ्हाती."

मग पारख सुरू झाली. मामांनी टीव्हीला एक प्रदक्षिणा घातली. कडेवर बोट फिरवलं आणि चेहरा पाडला. "लय वाळलाय की हो. चारा घालीत न्हाईत का?"

"काका, पातळच असतो तो. तीच तर त्याची..."

तेवढ्यात मामांनी बैलाच्या पुठ्ठ्यावर थाप मारावी तशी टीव्हीच्या पाठीवर थाप मारली. सेल्समनने अशी किंकाळी फोडली, की वरच्या मजल्यावरचे फ्रीज आपोआप उघडले.

"भित्रा न्हाई," मामा समाधानाने म्हणाले. "दचकला न्हाई. आता चालवा."

टीव्ही चालू झाला. रंग असे, की पडद्यावरच्या पोपटाला पेरू दाखवावासा वाटला. सेल्समन आम्हाला समोरच्या सोफ्यावर बसवू लागला. पण मामांनी माझं मनगट धरलं आणि मला पार तिकडे, वॉशिंग मशीनच्या रांगेपलीकडे, खांबाच्या आडोशाला नेलं.

"मास्तर, बसा."

"सोफा तिकडं हाय मामा."

"खाली बसा. उकिडवं. हां. आता भाकर थापा."

"काय?"

"भाकर! हातानं थापा. मान खाली. आता मान वर करा, टीव्हीकडं बघा. परत खाली. थापा, थापा, थांबू नका!"

मी, तीस पोरांचा वर्गशिक्षक, भर शोरूममध्ये उकिडवा बसून हवेत भाकरी थापत होतो. बायका साड्यांचे पदर तोंडाला लावून हसत होत्या. एका गृहस्थाने तर 'डेमो' समजून रांग धरली.

"दिसायलंय का?" मामा ओरडले.

"दिसायलंय!"

"पोपट कसा?"

"हिरवागार!"

"फिका न्हाई?"

"न्हाई हो मामा! उठू का?"

"भाकर भाजली का?" असं विचारून मामांनी स्वतः तिथे बसून पाहिलं. बराच वेळ. उठले तेव्हा डोळे चमकत होते. "पुढून सगळेच देखने असतेत मास्तर. ह्यो बगलंतून देखना हाय."

सौदा बाजाराच्या रिवाजाने झाला. मामांनी उपरणं सेल्समनच्या हातावर टाकलं आणि खालून त्याची बोटं धरली. त्या पोराला वाटलं, काका आता लग्नच लावतात. "स्टिकरवर किंमत लिहिलेली असते काका," तो कळवळून म्हणाला. "चारचौघात भाव बोलू नये, जनावराला वाईट वाटतंय," मामा म्हणाले आणि बोट पिरगळलं. पोरगं साहेबांना विचारून आलं. शेवटी टीव्हीबरोबर एक मिक्सर मिळाला, तो का मिळाला ते कुणालाच कळलं नाही.

संध्याकाळी टीव्ही भिंतीवर चढला. मी समोर बसलो, मामा माझ्या शेजारी. मामी नेहमीप्रमाणे आत, स्वयंपाकघराच्या दाराशी, चुलीपुढे. परात, पीठ, उकिडवी बैठक. मान खाली, मान वर. ती बैठक मी ओळखली. दुपारी तिथे मीच बसलो होतो.

"मामा," मी हळूच म्हणालो, "मामीला पुढं बोलवा की."

मामा तंबाखू मळत राहिले. "लगीन झाल्यापासून बोलवायलोय. आदी पुढं तिचा सासरा बसायचा, मग दीर, मग पाव्हनंरावळं. आता कोन्ही न्हाई, तरी यायना. म्हनती, हितूनच बरं. मग म्हनलं, ती हलत न्हाई तर टीव्ही हलू."

मालिका सुरू झाली. मामींचा हात परातीवर थांबला.

"अवो," त्या आतून म्हणाल्या, "ह्या सासूची साडी जांभळी हाय व्हय?"

"मंग?"

"मला वाटायचं काळीच नेसती बया रोज. म्हनलं, कोनाचं सुतक धरलंय हिनं एवढं वरीसभर." आणि मामी हसल्या. हसता हसता एकदम ओरडल्या, "गं बाई! करपली!"

भाकरी पार कोळसा झाली होती. मामींची भाकरी करपलेली या गल्लीत कुणी पाहिलेली नाही. त्या ती बाजूला सारायला लागल्या तसे मामा उठले, ताट घेऊन दाराशी गेले आणि तिथेच, टीव्हीकडे पाठ करून, उंबऱ्यावर बसले.

"ती हिकडं दे," ते म्हणाले. "तू बघ."